माझी नोंद

जून लागला की आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रांपेक्षा पाठ्यपुस्तकंच जास्त येतात. निकाल लागून गेलेले असतात, घरोघरी नव्या पुस्तकांना कव्हरं घातली जात असतात आणि जुनी पुस्तकं सुतळीनं बांधून काट्यावर चढतात. दुकानातले काका मला ओळखतात. २०२४ च्या जूनमध्ये मी पायरी चढायच्या आत त्यांनी आतून आवाज दिला, "ताई, तुमची पाचवी आलीय बघा. चारही भाग आहेत."

पाचवी माझ्या लेकीची. चौथीनंतर आम्ही तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. का ठरवलं, तो विषय मोठा आहे आणि आजचा नाही. नाशिकसारख्या शहरात एका पगारावर घर चालवताना घरशिक्षणाचं साहित्य कुठून आणायचं, हा मात्र त्या पहिल्या वर्षी रात्री जागं ठेवणारा प्रश्न होता. मी पूर्णवेळ नोकरी सोडून घरून दोन दुकानांचे हिशेब लिहायला घेतले होते. शाळेची फी वाचली आणि माझा अर्धा पगार गेला, असा तो व्यवहार होता.

काकांनी चार भाग साठ रुपयांना दिले. २०२३-२४ पासून बालभारतीनं दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत काढली होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून एका भागात सगळे विषय थोडे थोडे, आणि धड्यांच्या शेवटी वहीसारखी कोरी पानं. त्या पानांवर छापलेलं असे, 'माझी नोंद'. मुलांनी शिकताना सुचेल ते तिथं लिहावं अशी कल्पना. घरी येऊन पुस्तकं पुसत होते तर लेक पहिल्या भागातली ती पानं चाळत बसली. कुणा अनोळखी मुलाचं किंवा मुलीचं गोल, जरा डावीकडे झुकलेलं अक्षर. काही पानांवर फळ्यावरून उतरवलेली उत्तरं, एकावर भेंडीच्या फुलाचं चित्र. आणि सूर्यमालेच्या धड्यामागे एकच ओळ:

"बाईंना विचारायचे – चंद्र कधी कधी दिवसा पण का दिसतो?"

खाली अख्खं पान कोरं. पुढच्या पानावर दुसराच विषय सुरू.

"आई, त्यानं विचारलंच नाही का मग?" लेकीनं मला विचारलं. मला काय ठाऊक! विचारलंही असेल. बाईंनी सांगितलंही असेल आणि लिहायचं राहिलं असेल. पण लेकीच्या मनातून ते कोरं पान जाईना. खरं सांगायचं तर माझ्याही.

पहिल्या वर्षी मी साहित्य गोळा केलं ते निव्वळ भीतीपोटी. लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारायचं, "मग हिला शिकवता कशावरनं?" आणि मी रात्री बसून पुस्तकं उतरवून घ्यायची. बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिलीपासून बारावीपर्यंतची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट आहेत. एनसीईआरटीची आहेत. केंद्र सरकारचं दीक्षा आहे, पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलनं टिपला की धड्याचे व्हिडिओ उघडतात. मी सगळंच घेतलं. सहा महिन्यांत संगणकावर बाराशे फायली झाल्या. त्यातल्या चाळीसही आम्ही उघडल्या नव्हत्या. त्याच भीतीत एक महागडी विज्ञानपेटीही हप्त्यानं घेतली. तिच्यातल्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर सूचनापत्रिकेत आधीच छापलेलं होतं. लेकीनं दोन प्रयोग केले आणि पेटी माळ्यावर गेली. तो शेवटचा हप्ता भरतानाचा सल मला अजून आठवतो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्या आईबापांना मी एक गोष्ट आधी सांगते. बालभारतीचं अख्खं पुस्तक घरी छापायला किंवा झेरॉक्सवाल्याकडे द्यायला जाऊ नका. छापील पुस्तक त्याहून स्वस्त पडतं. नाशकात बालभारतीचं भांडार आहे, तिथं जाऊन घ्या, नाहीतर जूनमध्ये रद्दीचं दुकान गाठा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना ही पुस्तकं मोफत मिळतात, ती मिळायलाच हवीत. आपली मुलं कुठल्या पटावर नसतात, त्यामुळे आपली सोय आपल्यालाच पाहावी लागते.

चंद्राचा प्रश्न मात्र लगेच सुटण्यासारखा नव्हता, कारण पाऊस सुरू झाला. नाशकात आषाढ-श्रावणात चंद्र दिसेल तेव्हा दिसेल. मोबाइलवर उत्तर दहा सेकंदांत मिळालं असतं. स्टेलॅरियम नावाची तारांगणाची अप्रतिम आज्ञावली फुकट मिळते, तीही माझ्याकडे होती. पण लेक म्हणाली, "आपण बघून सांगू." मी तो शब्द धरला. दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं.

थांबण्याच्या त्या चार महिन्यांत घरात बरंच काही आलं, आणि त्यातलं बहुतेक असं की ज्याला साहित्य म्हणायचं हे मला आधी सुचलंही नसतं.

एक दिवस सायकलच्या दुकानातून मी व्हॉल्व्हची रबरी नळी आणली, मीटरभर. तिचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंनी काडेपेटीच्या काड्या खुपसायच्या, झाला सांधा. ही युक्ती अरविंद गुप्तांची. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा माणूस पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरीला होता. सत्तरच्या दशकात तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून खेळणी करू लागला. पुढं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांबरोबर काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आहेत, शेकडो पुस्तकं आहेत, मराठीतलीही भरपूर, आणि सगळं खुलं. घरशिक्षण करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या प्रत्येक घरात त्यांचं ऋण आहे, आणि ते आम्ही मोकळेपणानं बोलून दाखवतो.

तर लेकीनं तीन काड्यांचा त्रिकोण केला, चार काड्यांचा चौकोन. चौकोन बोटानं ढकलला की कलतो, पतंगासारखा होतो. त्रिकोण काही केल्या हलत नाही. तिनं चौकोनात कर्णाची काडी घातली, तोही घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी गोदावरीवरून जाताना तिला पुलाच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोण दिसले, मग पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत दिसले, मग विजेच्या मनोऱ्यावर. ती मोजत सुटली. मला तेव्हा घरी कुकर लावायची घाई होती आणि तरी मी थांबले, याचा मला आजही आनंद आहे.

गणितात आमची गाडी संख्यावाचनावर अडली होती, तीही दुसरीपासूनची अढी. सत्तावन्न ऐकलं की ती ७५ लिहायची. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यात एकोणसाठ म्हणजे साठाच्या आतलं, अशी ती गुंतागुंत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीनं 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! भाषा बुडाली म्हणून लोक रागावले. मी त्या बाजूची नाही. ती पानं मी लेकीसाठी पुन्हा उघडली, 'पन्नास सात' म्हणत म्हणत तिनं सत्तावन्न पक्कं केलं आणि मग पन्नास सात आपोआप गळून पडलं. सत्तावन्न हा शब्द तिच्या तोंडी शाबूत आहे. कुबडी पाय बरा होईपर्यंत लागते.

पण आमच्या घरातलं गणिताचं खरं भांडार निघालं माझ्या सासूबाईंच्या तोंडात. त्या खानदेशातल्या, लेक त्यांना मोठीमाय म्हणते. शाळा चौथीपर्यंत. दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी एकदा पावकी म्हटली, म्हणजे पावचा पाढा, मग निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. लेक शेंगा टाकून ऐकत बसली. शेवटी औटकी आली, साडेतीनचा पाढा. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. अपूर्णांकांचा धडा आमच्याकडे आठवडाभर रडतखडत चालला होता. औटकी ऐकल्यावर तिनं स्वतःहून विचारलं, "म्हणजे एक आड एक पूर्ण आकडा येतो, मग पाऊणकीत किती घरांनी येईल?" आणि बोटांवर मोजून म्हणाली, चार. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. सासूबाईंनीही नाही. त्यांनी फक्त त्यांच्या वडिलांनी घोकून घेतलेलं म्हटलं होतं.

त्या दुपारपासून घरात मोठीमायचं स्थान बदललं. तोवर त्यांना वाटायचं की नातीला शाळेतून काढणं हा आमचा वेडेपणा आहे, आणि त्या तसं स्पष्ट म्हणायच्या. आता त्या शिक्षिका झाल्या.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मुलांच्या चित्रकथा आहेत, कितीतरी भाषांत, २०१५ पासून. फुकट वाचायला मिळतात हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून कुणीही त्या छापाव्यात, त्यांचा अनुवाद करावा. फुकट आणि खुलं यांतला फरक मला तिथं कळला. फुकटची वस्तू आपण घेतो, खुल्या वस्तूला आपण हात लावू शकतो, तिच्यात आपलं काही घालू शकतो. लेकीनं एक मराठी गोष्ट घेतली आणि मोठीमायला विचारून ती अहिराणीत करायला बसली. 'कुठे चाललीस?' याचं 'कोठे जाई ऱ्हायनी?' झालं. 'ती माझी मुलगी आहे' याचं 'ती मनी आंडेर शे'. सोळा पानांच्या गोष्टीला तीन आठवडे लागले. कारण प्रत्येक वाक्यावर मोठीमायच्या माहेरची एक हकिगत निघायची. कधी दोघींचं भांडण व्हायचं, कारण 'झाड' कसलं, हे चित्रात नीट दिसत नव्हतं आणि झाडाचं नाव माहीत असल्याशिवाय मोठीमाय पुढं जायला तयार नव्हत्या. वहीच्या कागदावर हातानं लिहून, सुईदोऱ्यानं शिवून ते पुस्तक तयार झालं. सासूबाईंनी स्वतःची बोली पुस्तकाच्या रूपात हातात धरली ती पहिल्यांदाच. त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं पुस्तक पुसलं आणि उशाखाली ठेवलं.

पावसात वाचायला 'किशोर' होतं. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेलं हे मासिक मी लहानपणी शाळेच्या ग्रंथालयात रांग लावून वाचायची. त्याचे जुने अंक आता डिजिटल करून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेत, अगदी सुरुवातीच्या वर्षांपासूनचे. माझ्या जन्माआधीचा अंक लेक वाचते, कोडी सोडवते आणि उत्तरासाठी पुढचा महिना थांबावं लागत नाही म्हणून खूश होते. कागदावरचं वाचन सार्वजनिक वाचनालयातून होतं, १८४० सालापासून नाशकात उभी असलेली ही संस्था. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचं 'ग्रंथ तुमच्या दारी'ही इथलंच. पुस्तकांची एक पेटी ओळखीच्या मंडळींनी मिळून वाचायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलायची. ज्या शहरात अशा पेट्या फिरतात तिथं पुस्तकं परवडत नाहीत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि पांडवलेणी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, म्हणजे खर्च माझ्या एकटीचा. सहावीच्या इतिहासात गौतमीपुत्र सातकर्णीला 'त्रिसमुद्रतोयपीतवाहन' म्हटलंय, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. लेकीला हा शब्द पाठ करायला फार आवडतो, एका दमात म्हणून दाखवते. तो शब्द जिथून आला तो लेख आमच्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर, तिसऱ्या लेण्याच्या भिंतीवर आहे. ब्राह्मी अक्षरं आम्हाला येत नव्हती. मी वर्णमालेचा तक्ता छापून नेला होता, एका पानाचा. तासभर मान वर करून तिनं 'गोतमी' एवढी तीन अक्षरं ओळखली असं तिला वाटलं, मला पूर्ण खात्री नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हा लेख राजानं कोरलेला नाही. त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावीच्या काळात कोरवून घेतला. राजाच्या पराक्रमाची एवढी यादी का केलीय, हे लेकीला एकदम समजलं. "आजीनं सांगितलंय म्हणून," ती म्हणाली.

आता परीक्षांचं, थोडक्यात, कारण ते सगळेच विचारतात. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासूनची. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे, पुढं दहावी-बारावी. तिचं अभ्याससाहित्यही संकेतस्थळावर खुलं आहे. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा अर्ज भरून देता येते. वाट आहे, आणि ती पुष्कळ मुलं चालून गेलीत. लेक कुठली घेईल ते ती आणि आम्ही वेळ आल्यावर ठरवू.

हे सगळं स्वस्तात झालं असं मी म्हणते तेव्हा माझ्या वाट्याला काय होतं तेही सांगायला हवं. घरात नेट होतं. वाचता-लिहिता येणारी आई दुपारी घरी होती. आजी होती. ज्या बाईला सकाळी सातला कामावर जावं लागतं तिला बाराशे पीडीएफ दिल्या तरी त्यांचं ती काय करणार? तिच्या मुलासाठी चांगली शाळा हवी, जवळची आणि फुकट. घरशिक्षणाच्या उत्साहात आमच्यातल्या काही जणांना याचा विसर पडतो आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या संध्याकाळी गच्चीवरून पश्चिमेला नखाएवढी कोर दिसली आणि आमची वही सुरू झाली. वही म्हणजे माझ्या हिशेबाच्या वहीची उरलेली पानं. रकाने चार: तारीख, तिथी, किती वाजता दिसला, आकाशात कुठं. तिथी कालनिर्णयावरून. कोर रोज सूर्यापासून जरा लांब, जरा जाड. अष्टमीच्या सुमारास दुपारी तीनला लेक ओरडत आत आली, "आई, दिसला! दिवसा दिसला!" पूर्वेकडे निळ्या आकाशात अर्धा चंद्र, ढगाच्या तुकड्यासारखा फिका. तो तिथं नेहमीच असायचा. मी चाळीस वर्षांत कधी दुपारी तीनला मान वर केली नव्हती.

पौर्णिमेला सूर्य इकडं मावळतोय आणि चंद्र तिकडं उगवतोय, दोन्ही एकाच गच्चीवरून. त्यानंतर तो रोज उशीर करू लागला आणि लेकीला वही घेऊन थांबणं जड जाऊ लागलं. संकष्टीला मोठीमायचा उपास. चंद्र दिसेपर्यंत त्या जेवत नाहीत, म्हणून त्या दिवशी दोघी मिळून वाट पाहत बसल्या. मोठीमाय म्हणाल्या, "तो रोज दोन घटका उशिरा येतो. आम्हाले म्हाताऱ्यांनी सांगेल शे."

लेकीनं विचारलं, घटका म्हणजे किती? चोवीस मिनिटं. दोन घटका अठ्ठेचाळीस. तिनं वहीतले आकडे काढले. रोजचा फरक कधी पंचेचाळीस, कधी बावन्न, पण सुमारे तेवढाच. मग तिनं न सांगता तीसनं गुणलं, कारण तिथी तीस. चौदाशे चाळीस मिनिटं. साठनं भागलं. चोवीस तास. ती माझ्याकडे बघत राहिली. महिनाभर रोज दोन घटका उशीर करत करत चंद्र बरोबर एक अख्खा दिवस मागं पडतो आणि पुन्हा सूर्याजवळ येऊन उभा राहतो. उपाशी मोठीमाय म्हणत होत्या, मी सांगितलंच होतं.

संकष्टीनंतर तो सकाळीही दिसू लागला, दात घासताना, पश्चिमेच्या बाजूला. मग बारीक होत होत पहाटे पूर्वेकडे गेला आणि नाहीसा झाला. त्यानंतरच मी स्टेलॅरियम उघडून दिलं. देवघरातला पिवळा दिवा म्हणजे सूर्य, काडीला खोचलेलं लिंबू म्हणजे चंद्र आणि स्वतःचं डोकं म्हणजे पृथ्वी, असंही गरागरा फिरून झालं. मराठी विश्वकोशातली 'चंद्र' ही नोंद आम्ही मोठ्यानं वाचली. विश्वकोश अख्खाच्या अख्खा फुकट वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईहून निघालेला तो प्रचंड उद्योग. भाषा दहा वर्षांच्या मुलीला जड होती, पण अर्ध्याहून जास्त तिला आधीच माहीत होतं, त्यामुळे ती मला समजावून सांगत गेली.

पुढच्या मे महिन्यात पाचवीचे चार भाग रद्दीत परत द्यायला काढले. लेकीनं पहिला भाग बाजूला घेतला. सूर्यमालेच्या धड्यामागचं ते पान उघडलं आणि त्या डावीकडे झुकलेल्या ओळीखाली, पेनानं, पान भरेस्तोवर लिहिलं. सुरुवात अशी होती: "चंद्र अर्धा वेळ दिवसाच उगवलेला असतो. अष्टमीला दुपारी तीन वाजता पूर्वेकडे बघ. तो रोज दोन घटका उशिरा येतो, हे मोठीमायला माहीत होतं."

मग शेजारचं 'माझी नोंद'चं पानही कोरं होतं म्हणून तिथं एक ओळ लिहिली: "विचारायचे – चंद्रावरून पृथ्वीचीपण कोर दिसते का?"

काकांनी चारही भाग काट्यावर न ठेवता आतल्या फळीवर ठेवले. पाचवीवाल्या कुणासाठी तरी.